डिप्लॉय झाल्यापासून २४ महिने: लेकीच्या ट्रेनिंग बाँडवर सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरच्या एका वडिलांनी विचारलंय, मुलगी ई अँड टीसी, २०२४ ची पासआउट, कॅम्पसला काही लागलं नाही, मग पुण्यात राहून जावाचा क्लास केला आणि आता एका आयटी कन्सल्टन्सीची ऑफर आलीय. चार महिने ट्रेनिंग, त्यात महिना १० हजार स्टायपेंड, मग ३.२ लाखाचं पॅकेज. क्लायंटकडे डिप्लॉय झाल्यापासून, म्हणजे ज्या कंपनीच्या प्रोजेक्टवर पाठवतील तिथे कामाला लागल्यापासून, २४ महिने सोडायचं नाही, सोडलं तर ३ लाख भरायचे. वर दहावीपासून इंजिनिअरिंगपर्यंतच्या ओरिजिनल मार्कशीट जमा, दोन सही केलेले कोरे चेक, आणि जामीनदार म्हणून वडिलांची सही. तर सही करू का, आणि अशा ठिकाणी पोरांना नक्की काय अनुभव येतात?

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. पुण्यात आयटी एचआरमध्ये सतरा-अठरा वर्षं झाली, त्यातली सुरवातीची बरीचशी अशाच एका हायर-ट्रेन-डिप्लॉय कंपनीत, म्हणजे बॅच भरणं, ट्रेनिंग लावणं, मुलांना क्लायंटच्या इंटरव्ह्यूला पाठवणं आणि कुणी सोडून चाललं की बाँडची फाईल काढणं, हे सगळं मी केलंय. आता क्लायंट कंपनीत आहे आणि अशाच व्हेंडरांकडून माणसं घेते, त्यामुळे दोन्हीकडचे हिशोब माहितीयेत. मी वकील नाही, पण बाँडच्या नोटिसा पाठवणारे आणि त्या हातात पडून घाबरलेले, दोघांसोबत पुष्कळ बसलेय.

माझं मत, आहे त्या कागदावर सही करू नका. पण लगेच नकारही कळवू नका, कारण नोकरी कदाचित बरी असेल, वाईट आहे तो कागद, आणि कागद बदलून मिळू शकतो. नाही मिळाला तरी बदल मागितल्यावर समोरचे कसे वागतात त्यावरून पुढच्या दोन वर्षांचा अंदाज येतो.

सगळे आईवडील त्या ३ लाखांवर अडकतात. मी तो आकडा सगळ्यात शेवटी वाचते. मी आधी बघते ते "डिप्लॉय झाल्यापासून". बाँडचं घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी कधी थांबतं, सगळी मेख तिथे आहे. तुमच्या कागदानुसार चार महिने ट्रेनिंग झालं ते धरायचं नाही. ट्रेनिंग संपल्यावर एखाद्या क्लायंटने निवडेपर्यंत ती बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून, तेही धरायचं नाही, आणि हा बेंच पंधरा दिवसांचा असू शकतो नाहीतर सात महिन्यांचा, मार्केट कसंय त्यावर. मग समजा क्लायंट मिळाला, पाच महिन्यांनी त्यांचं बजेट कापलं गेलं, ती परत बेंचवर आली, तर बऱ्याच करारांत घड्याळ पुन्हा थांबतं. बिनपगारी रजा घेतली तर तेवढे दिवस पुढे वाढतात. आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा, तो २४ महिने पूर्ण झाल्यावरच देता येईल असं कुठेतरी नवव्या-दहाव्या कलमात बारीक अक्षरात असतं. असं सगळं धरलं तर चोवीस म्हणता म्हणता तीन वर्षं सहज जातात, आणि या सगळ्या काळात ३ लाख तसेच्या तसे, पहिल्या महिन्यात सोडा नाहीतर तेविसाव्या.

हे असं का लिहितात तेही समजून घ्या, म्हणजे बोलणी करताना उपयोग होईल. कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते फक्त माणूस क्लायंटच्या प्रोजेक्टवर बिल होत असेल तेव्हा. समजा क्लायंट एका फ्रेशरचे महिना ७० हजार देतोय आणि मुलीवर कंपनीचा खर्च २७ हजार आहे, तर मधले ४३ हजार हे त्यांचं उत्पन्न, त्यातून ट्रेनर, जागा, लॅपटॉप, सेल्सवाल्याचं कमिशन, आणि ज्यांना कुठलाच क्लायंट घेत नाही त्या मुलांचा खर्च, हे सगळं निघायचं. म्हणजे कंपनी लुटारूच आहे असं नाही, धंद्यात खरी रिस्क आहे. पण ती रिस्क "डिप्लॉय झाल्यापासून" या दोन शब्दांनी गुपचूप मुलीच्या डोक्यावर टाकलीय. प्रोजेक्ट आणणं हे कंपनीच्या सेल्स टीमचं काम, त्यांना नाही जमलं तर मुलीचं वय वाढणार, अनुभव वाढणार नाही, आणि वर ती बांधलेली. मी त्या खुर्चीत असतानाही मला हे पटायचं नाही, तेव्हा बोलून फारसा उपयोग झाला नाही तो भाग वेगळा.

आता अनुभवांबद्दल. एकसारखे नसतात, एकाच बॅचमधल्या दोन मुलांचे दोन टोकाचे असतात, आणि त्यात हुशारीपेक्षा नशिबाचा, म्हणजे कुठला क्लायंट लागला याचा भाग जास्त.

ट्रेनिंगचा काळ मुलांना बहुतेक वेळा आवडतो. कॉलेजसारखंच वातावरण, सोबत परभणी, जळगाव, सोलापूर, कोल्हापूर सगळीकडची पोरं, वाकडला किंवा हिंजवडी फेज वनच्या मागे पीजीत राहायचं, दर शुक्रवारी असेसमेंट, मॉक इंटरव्ह्यू. चांगल्या कंपनीत ट्रेनर स्वतः प्रोजेक्ट केलेला असतो आणि चार महिन्यांत पोरगं खरंच बदलतं, ज्याला इंग्रजीत दोन वाक्यं बोलता येत नव्हती तो एपीआय म्हणजे काय ते नीट समजावून सांगायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. वाईट कंपनीत ट्रेनिंग म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि आधीच्या बॅचचा बेंचवर बसलेला पोरगा "ट्रेनर" म्हणून उभा केलेला, ज्याला स्वतःलाच प्रोजेक्ट मिळालेला नाही. पुढे बाँडचा विषय निघाला की याच ट्रेनिंगची किंमत ३ लाख लावतात, म्हणून मुलीला सांगा, ट्रेनिंगचं वेळापत्रक, कोण शिकवतं, किती तास, काय शिकवलं, हे सगळं पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेव.

खरा त्रास सुरू होतो ट्रेनिंगनंतर क्लायंट इंटरव्ह्यूला. इथे एक गोष्ट होते ती आईवडिलांना कुणी सांगत नाही. क्लायंटला दोन-तीन वर्षं अनुभवाचा माणूस हवा असतो, कन्सल्टन्सीकडे फ्रेशर असतात, मग मुलीचा सीव्ही "पॉलिश" होतो. चार महिन्यांचं ट्रेनिंग दोन वर्षांचा अनुभव म्हणून लिहिलं जातं, न केलेला प्रोजेक्ट पाठ करून घेतात. मुलं घाबरतात पण करतात, कारण नाही म्हटलं तर बेंच आणि घड्याळ थांबलेलं. मी आज ज्या बाजूला आहे तिथून सांगते, हे पकडलं जातं. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, सर्व्हिस हिस्टरीत जॉइनिंगची तारीख स्वच्छ दिसते, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले यूएएन म्हणजे पीएफचा नंबर मागतातच, आणि डाग राहतो तो मुलीच्या नावावर, कन्सल्टन्सी नामानिराळी राहते. माझ्या मते बाँडपेक्षाही मोठा धोका हा आहे. ३ लाख एकदा भरून मोकळं होता येतं, पण व्हेरिफिकेशनमध्ये फेल झालेलं नाव पुढच्या प्रत्येक नोकरीत आडवं येऊ शकतं. मुलीने जॉइन होण्याआधी सरळ ईमेलवर विचारावं की क्लायंटला माझा सीव्ही कसा जाणार, फ्रेशर म्हणूनच ना. उत्तर ईमेलवर न देता फोनवर आलं तर काय ते समजा.

मग डिप्लॉयमेंट. शिकवलं जावा फुल स्टॅक आणि लावलं एल-वन सपोर्टला, म्हणजे तक्रारी घेण्याच्या पहिल्या पायरीवर, रात्रपाळी, तिकीट उघडा, पासवर्ड रिसेट करा, तिकीट बंद करा. हे फार कॉमन आहे. सपोर्टचं काम हलकं असं मी म्हणणार नाही, काही जण त्यातूनच क्लाउडकडे, डेव्हऑप्सकडे फार छान गेले. पण दोन वर्षं तेच करून बाँड संपल्यावर डेव्हलपरच्या इंटरव्ह्यूला बसलेल्या पोरांची अवस्था वाईट असते, कागदावर अडीच वर्षं अनुभव आणि कोड एकही ओळ नाही. दुसरा प्रकार शहर बदलण्याचा, पुणे सांगून घेतलं आणि डिप्लॉय चेन्नई नाहीतर गुरुग्राम, आठ दिवसांत हजर व्हा, राहायचं तुमचं तुम्ही बघा. २२ हजार हातात येत असताना नवीन शहरात डिपॉझिट भरून खोली घेणं म्हणजे घरून पैसे मागवणं आलंच.

हातात २२ कसे तेही सांगते, कारण ३.२ लाख म्हटलं की घरात २६-२७ हजार धरून चालतात. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, इन्शुरन्स सगळं धरलेलं असतं, शिवाय तिच्या वाट्याचा पीएफ कापला जातो. पंधरा हजारांच्या मर्यादेवर १२ टक्के म्हटलं तरी दोन्हीकडून १८००-१८०० गेले. एक बरं आहे, महाराष्ट्रात बायकांना महिना २५ हजारापर्यंत पगार असेल तर प्रोफेशनल टॅक्स नाही, २०२३ पासून. बेंचवर असताना पूर्ण पगार मिळणार की परत स्टायपेंड, हे मात्र करारात शोधा. नसेल लिहिलं तर लिहून घ्या, कारण प्रॅक्टिकली अनेक ठिकाणी बेंचवर पगार अर्धा करतात आणि पोरं गप्प बसतात.

आता चांगली बाजू, कारण आहे. तिच्यासारख्या मुलांना, म्हणजे छोट्या शहरातलं कॉलेज, वर्षभराची गॅप, कदाचित बारावीला साठ टक्क्यांच्या खाली, मोठ्या कंपन्या फॉर्म भरतानाच बाहेर काढतात. या कन्सल्टन्सीज घेतात. खराडीला, येरवड्याला ज्या परदेशी बँकांची ऑफिसं आहेत तिथे व्हेंडरकडून आलेली आणि दीड-दोन वर्षांनी क्लायंटनेच पे-रोलवर घेतलेली मुलं मी कितीतरी बघितलीत. एक मेकॅनिकलचा मुलगा होता, अशाच बाँडवर आलेला, टेस्टिंगला लागला, क्लायंटच्या लीडने त्याला ऑटोमेशन शिकवलं, आज तोच त्या टीमचा लीड आहे आणि नवीन व्हेंडर पोरांचे इंटरव्ह्यू घेतो, थोडे जास्तच कडक घेतो. क्लायंटला घ्यायचं असेल तर ते कन्सल्टन्सीला फी देऊन माणूस घेतात, मग मुलीवर बाँडची रक्कम येत नाही. पण करारात "क्लायंटने सामावून घेतल्यास करार संपला" अशी ओळ हवी. नसली तर दोन्हीकडून पैसे मागणारेही भेटलेत.

आणि बाँड नसलेली मोठी कंपनी म्हणजे सेफ, असंही डोक्यात ठेवू नका. फेब्रुवारी २०२५ ला इन्फोसिसने म्हैसूर कॅम्पसमधून तीनशेहून जास्त ट्रेनींना इंटर्नल असेसमेंट पास झाले नाहीत म्हणून काढलं. त्यातली बरीच मुलं २०२२ च्या ऑफरवर दोन वर्षं थांबून ऑक्टोबर २०२४ ला जॉइन झालेली होती. कंपनीचं म्हणणं होतं की तीन संधी दिल्या होत्या आणि ते करारात लिहिलेलं होतं. पुण्याच्या नाइट्स या कर्मचारी संघटनेने केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, आकडा कंपनी सांगते त्याहून मोठा आहे असं त्यांचं म्हणणं होतं. त्याआधी २०२३ मध्ये विप्रोने ६.५ लाखाच्या ऑफरवर थांबलेल्या फ्रेशर्सना ३.५ लाखावर येता का असं विचारलं होतं. म्हणजे फ्रेशरची बाजू सगळीकडेच कमकुवत आहे, तुमच्या कागदात ती लेखी स्वरूपात आहे इतकंच.

कायद्याचं बघू, कारण यावर व्हॉट्सअॅपला दोन टोकं फिरतात. एक म्हणतं बाँडला भारतात काही किंमतच नाही, बिनधास्त पळा. दुसरं, जे कंपनीचा एचआर सांगतो, की पोलीस केस होईल, करिअर संपेल. दोन्ही चूक.

कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट १८७२ चं कलम २७ सांगतं की धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल. लोक एवढंच वाचतात. पण सुप्रीम कोर्टाने १९६७ सालीच, आणि ती केस आपल्या कल्याणचीच आहे, सेंच्युरी मिलच्या टायर कॉर्ड प्लांटमधल्या गोळीकर नावाच्या सुपरवायझरची, पाच वर्षांचा करार आणि ट्रेनिंग घेऊन ते मधेच कोट्याला राजस्थान रेयॉनमध्ये गेले होते, त्यात कोर्ट म्हणालं की नोकरी चालू असतानाच्या काळापुरतं बंधन हे कलम २७ मध्ये येत नाही. आणि अलीकडे, १४ मे २०२५ ला, विजया बँकेच्या केसमध्ये तेच परत सांगितलं. तिथे तीन वर्षांच्या आत सोडलं तर २ लाख असा बाँड होता, अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला, पैसे निषेध नोंदवून भरले आणि मग कोर्टात गेला, हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. त्यामुळे "बाँड चालतच नाही" हे डोक्यातून काढा.

पण त्या निकालाची कारणंही वाचा. ती सरकारी बँक होती, एक जागा भरायची तर देशभर जाहिरात, परीक्षा, इंटरव्ह्यू असा खर्च होतो हे कोर्टाने धरलं, आणि पद व पगार बघता २ लाख जास्त नाहीत असं म्हटलं. ३.२ लाख पॅकेजवाल्या फ्रेशरवर ३ लाख, म्हणजे जवळजवळ वर्षाचा पगार, हे त्याच मापाने मोजलं तर जड जाईल. वर कलम ७४ आहे, करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा, कोर्ट देतं ते वाजवी नुकसान, आणि खाजगी कंपनीला विचारलं जातं की बाबा ट्रेनिंगवर खर्च किती केला ते दाखव. व्हिडिओ दाखवून ३ लाखांचं बिल दाखवता येत नाही, म्हणून ती वही महत्त्वाची.

आणि हे दिवाणी प्रकरण आहे. नोकरी सोडली म्हणून पोलीस उचलत नाहीत, कोर्ट जबरदस्तीने परत कामाला बसवत नाही. मी काम करायचे तेव्हा सोडून गेलेल्या बहुतेकांवर दावा लावायची वेळच आली नाही, कारण वकिलाचा खर्च आणि पुण्याच्या कोर्टातली वर्षं बघता २-३ लाखांसाठी कंपनीला ते परवडत नाही. मग वसुली कशी होते? नोटीस गावाकडच्या पत्त्यावर पाठवून. दारात पोस्टमन वकिलाची नोटीस घेऊन आला, शेजाऱ्यांनी बघितलं, आई रडायला लागली, की दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन येतो, काही कमी करा आणि मिटवा. तुमची जामीनदार म्हणून सही त्यासाठी हवीय. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते, कलम १२८, म्हणजे तिच्याआधी तुमच्याकडेही मागू शकतात. नोकरी मुलीची, करार मुलीचा, सज्ञान आहे. वडिलांनी जामीन राहण्याचं काहीच कारण नाही, हे स्पष्ट सांगा.

कोरे चेक तर अजिबात नाही. या सगळ्या कागदांत खरी नांगी आहे ती चेकमध्ये. बाँडवर दावा लावून कंपनीला नुकसान सिद्ध करावं लागतं, पण चेक बाउन्स झाला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८, फौजदारी, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर गृहीत असं धरतात की चेक देणं असल्यामुळेच दिला होता, तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. म्हणजे सगळं ओझं उलटून तुमच्या बाजूला. पेमेंट स्टॉप केलं म्हणजे सुटलो असंही नाही. कुणी आधीच देऊन बसलं असेल तर चेक नंबर आणि ते कशासाठी, कधी, कुणाला दिले हे आजच ईमेल करून कंपनीकडून पोच घ्या.

ओरिजिनल मार्कशीट दाखवायच्या, पडताळणी झाली की त्याच दिवशी परत घ्यायच्या. झेरॉक्सवर सही करून द्या, डिजिलॉकरमधली द्या. पुढे कुठे अॅडमिशनला, पासपोर्टला, सरकारी फॉर्मला ओरिजिनल लागली की रजेच्या अर्जासारखी एचआरच्या मागे लागणारी मुलं मी पाहिलीत. व्यवस्थित कंपन्या ठेवून घेत नाहीत. यावर अडून बसले तर मी म्हणेन तिथेच थांबा, बाकी काही वाचूच नका.

आता बदल काय मागायचे. सगळं मागू नका, तीन गोष्टी धरून बसा. एक, कालावधी जॉइनिंगच्या तारखेपासून, म्हणजे ट्रेनिंग आणि बेंच धरून, आणि फार तर १८ महिने. दोन, रक्कम दर महिन्याला उतरती, जितके महिने काम केलं तितका हिस्सा कमी, म्हणजे १८ पैकी १२ झाले तर एक तृतीयांशच राहील, आणि सुरवातीचा आकडाही दीड लाखाच्या वर नको. तीन, कंपनीने काढलं, किंवा ट्रेनिंगनंतर ६० दिवसांत प्रोजेक्ट दिला नाही, तर देणं शून्य. ही तिसरी ओळ त्यांना झोंबते आणि यावरच खरी बोलणी होते. मी त्या बाजूला असताना आमच्याकडे दर बॅचला एक-दोन मुलं असं मागायची, आणि खरं सांगू, मुलगी इंटरव्ह्यूत चांगली असेल तर व्यवस्थापन दुसरी अट सहज मान्य करायचं, पहिली कुरकुरत, तिसरीला ६० चे ९० करून. "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येत नाही" हे पहिलं उत्तर असतं, शेवटचं नव्हे. आणि करार स्टँप पेपरवर करतील, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो, तर त्याची सही झालेली कॉपी तिच्या हातात मिळालीच पाहिजे. कितीतरी मुलांकडे स्वतःच्या बाँडची कॉपीच नसते, आणि मग भांडायचं कशावर तेच कळत नाही.

कंपनी कशी आहे ते बघायला गुगल रिव्ह्यूच्या भानगडीत पडू नका, तिथे अर्धे एचआरनेच लिहून घेतलेले असतात. ईपीएफओच्या साइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, कुणालाही बघता येतं, कंपनीचं नाव टाका, कुठल्या महिन्यात किती माणसांचा पीएफ भरला ते दिसतं. वेबसाइटवर "५०० प्लस एम्प्लॉइज" आणि पीएफ ४० जणांचा, असं दिसलं की काय ते कळलं. आकडा दर महिन्याला हेलकावे खात असेल तर माणसं टिकत नाहीत. मग लिंक्डइनवर आता तिथे असलेले नाही, तिथून बाहेर पडलेले शोधा, ते आत्ता कुठे आणि कुठल्या कामाला आहेत ते बघा, दोघातिघांना मुलीने स्वतः मेसेज करावा, वडिलांनी नव्हे. डिप्लॉय व्हायला किती दिवस लागले आणि सीव्ही काय पाठवला, हे दोनच प्रश्न विचारायचे.

समजा जॉइन झाली आणि पुढे सोडायची वेळ आली तर. न सांगता गायब होणं हा सगळ्यात वाईट मार्ग, अॅब्स्कॉन्डिंग म्हणून नोंद होते आणि व्हेरिफिकेशनला तेच कळवलं जातं. राजीनामा ईमेलवर, कारण थोडक्यात, नोटीस पूर्ण करायची तयारी लिहून. आकडा मागितला तर ट्रेनिंग खर्चाचा तपशील मागायचा आणि उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने किती होतात ते आपण सांगायचं, बहुतेक ठिकाणी अर्ध्याच्या आत मिटतं. बाँडच्या रकमेवर वर १८ टक्के जीएसटी लावून पत्र आलं तर तो द्यायचा नाही, केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात, नंबर १७८, स्पष्ट केलंय की मधे सोडल्याबद्दल घेतलेल्या बाँडच्या रकमेवर किंवा नोटीस पे वर जीएसटी नाही. आमच्याच क्षेत्रातले अकाउंटवाले अजून लावतात. शेवटचा पगार अडवून धरतात त्याबद्दल, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झालीय, तिच्यात राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचं कलम आहे, ते ईमेलमध्ये नुसतं उद्धृत केलं तरी फरक पडतो. रिलीव्हिंग लेटर देत नसतील तर राजीनाम्याचा मेल, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ यावर अनेक कंपन्या चालवून घेतात, मी स्वतः चालवून घेतलंय. आणि पीएफला एक्झिटची तारीख कंपनीने टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतः पोर्टलवर टाकता येते.

तर आत्ता करायचं काय. उद्या मुलीने त्यांच्या एचआरला मेल टाकावा, तुम्ही फोन करू नका, वडिलांचा फोन गेला की ते मुलीला हलक्यात घेतात. मेलमध्ये जॉइन व्हायची इच्छा आहे असं आधी लिहायचं, मग चेक, ओरिजिनल आणि जामीनदार या तिन्हीला नम्र नकार, मग वरचे तीन बदल, आणि सुधारित मसुदा वाचायला पाच दिवस. "उद्यापर्यंत सही नाही केली तर सीट दुसऱ्याला" असा फोन येईल, येतोच, आम्हीही करायचो, आणि बॅच सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत सीट रिकामीच असायची. सुधारित मसुदा आला की कंपनीचं आणि मुलीचं नाव झाकून मला पाठवा, कालावधीचं कलम आणि नोटीस पिरियडचं कलम ही दोन पानं आधी बघते.